आडोशासाठी वेल निवडताना आधी पान बघा, मग फूल

ट्रेलिसवर, म्हणजे वेलीसाठी उभारलेल्या जाळीवर, वेल चढवायची ठरली की नर्सरीत हमखास दोन प्रश्न विचारले जातात: फूल कसलं येतं, आणि वाढते किती लवकर? नुसती शोभेची वेल हवी असेल तर प्रश्न योग्यच आहेत. पण आडोसा हवा असेल तर दोन्ही प्रश्न आपल्याला भलतीकडे नेतात. फुलांचा बहर थोड्या दिवसांचा असतो, बाकी वर्षभर आडोसा धरून ठेवतं ते पान. आणि जी वेल सहा महिन्यांत जाळी झाकते, ती सातव्या महिन्यात थांबत नाही. ती खिडकीच्या गजांकडे, पावसाच्या पाइपकडे, शेजारच्या झाडाकडे सरकते आणि आपल्या हातात कात्री कायमची येते.

मी स्वतः हे शिकलो ते निळ्या थनबर्जियामुळे. बांबूची साडेपाच फुटी जाळी तिने पहिल्याच पावसाळ्यात झाकली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. दुसऱ्या पावसाळ्यात भिजलेल्या पानांचं ओझं आणि वारा एकत्र आले आणि जाळी खांबासकट आडवी झाली. वेल काढून टाकली, तरी जमिनीतल्या कंदांतून पुढची दोन वर्षं फुटवे येत राहिले. मग त्याच जागी लसूणवेल लावली. तिला जाळी भरायला तीन वर्षं लागली, पण आज तिला वर्षातून एकदा कात्री लावली की पुरतं. कमी देखभालीची वेल म्हणजे आपल्या जाळीएवढीच वाढणारी वेल. पुढचं सगळं याच एका हिशेबाने लिहिलं आहे.

आधी खुर्ची टाकून बसा

वेल, जाळी, माप यांतलं काहीही ठरवण्याआधी जिथे आडोसा हवा आहे तिथे खुर्ची टाकून बसा. घरातल्या कुणाला तरी पलीकडे, जिथून नजर येते त्या जागी उभं करा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर असतात, उभ्या माणसाचे १५० ते १६५ वर. दोन्ही बाजू एकाच पातळीवर असतील तर १८० सेंटीमीटर, म्हणजे सहा फूट उंचीची जाळी पुरते. दहा फुटांची जाळी उभारून तिच्या वरच्या चार फुटांची छाटणी आयुष्यभर शिडीवर चढून करत बसण्यात काही अर्थ नाही.

नजर वरच्या मजल्यावरून येत असेल तर गणित बदलतं. हद्दीवर जाळी कितीही उंच केली तरी वरून दिसायचं ते दिसतंच. अशा वेळी जाळी हद्दीवरून काढून बसायच्या जागेजवळ आणा. आडोसा आपल्या जितका जवळ, तितक्या कमी उंचीत काम भागतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर डोक्यावर छोटा मांडव हाच उपाय आहे.

खुर्चीवर बसल्या बसल्या दुसरी नोंद उन्हाची करा. जाळीच्या जागी थेट ऊन किती तास पडतं? सहा तासांच्या वर, तीन ते पाच तास, की तीनपेक्षा कमी? उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हे बदलतं, म्हणून शक्य असेल तर दोन्ही ऋतूंत बघा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. वेल ज्या बाजूला ऊन त्या बाजूला फुलते. ऊन पलीकडून येत असेल तर फुलं पलीकडे आणि आपल्याकडे देठं, हे आधीच धरून चाला.

वेल चढते कशी, यावर जाळी ठरते

चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांच्या पद्धतींनुसार त्यांचे गट पाडले. ट्रेलिस उभारणाऱ्याला ही विभागणी आजही जशीच्या तशी उपयोगी पडते, कारण चुकीच्या जाळीवर लावलेली वेल रोज बांधावी लागते.

पहिला गट विळखा घालणाऱ्यांचा. गोकर्ण, थनबर्जिया, स्टार जॅस्मिन या वेलींचं खोडच आधाराभोवती फिरतं. त्यांना उभा आधार लागतो: उभी तार, उभी काठी. नुसत्या आडव्या तारा ताणल्या तर त्या एका तारेवर घोळका करून बसतात, वर जायला त्यांना वाट सापडत नाही. बहुतेक विळखा घालणाऱ्या वेली वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, हनीसकलसारख्या थोड्या काट्यांप्रमाणे. मी एकदा गोकर्णाचा कोवळा शेंडा तारेभोवती उलट्या दिशेने चार वेढे देऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेढे सैल होऊन तारेपासून सुटले होते आणि वरच्या टोकाने आपल्या दिशेने नवा वेढा घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे शेंडा फक्त आधाराला टेकवायचा, बाकीचं तिच्यावर सोडायचं.

दुसरा गट ताण्यांचा, म्हणजे स्प्रिंगसारखे तंतू काढणाऱ्यांचा. कृष्णकमळ, संक्रांतवेल, लसूणवेल, अँटिगोनॉन यात येतात. ताणा बारीक असतो, त्याला पकडायलाही बारीकच वस्तू लागते. मनगटाएवढ्या बांबूला तो वेढा घालू शकत नाही. तार, सुतळी, बोटापेक्षा बारीक काडी असली की काम झालं. या गटाला १० ते १५ सेंटीमीटर चौकटीची तारेची जाळी सर्वांत चांगली.

तिसरा गट मुळांनी चिकटणाऱ्यांचा: आयव्ही, फायकस प्युमिला, मनी प्लांट. यांतल्या आयव्ही आणि फायकसला भिंत लागते, मोकळ्या ट्रेलिसवर त्या खुलत नाहीत. रंगाच्या भिंतीवर चढू दिल्या तर ओढून काढताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि मुळांचे डाग राहतात.

चौथा गट नुसता रेलणाऱ्यांचा: बोगनवेल, अलमांडा, वेलगुलाब, जाई. यांना स्वतःला धरून राहता येत नाही, लांब फांद्या टाकून त्या कशावर तरी आडव्या होतात. या प्रत्येक वेळी हाताने बांधाव्या लागतात. म्हणजेच देखभाल वाढते, आणि बोगनवेलीच्या बाबतीत ती काट्यांसकट वाढते.

जाळी वेलीच्या आधी आणि वेलीपेक्षा भक्कम

पानांनी भरलेली १८० बाय २४० सेंटीमीटरची जाळी म्हणजे चार चौरस मीटरपेक्षा मोठं शीड. मोकळी असताना वारा आरपार जातो, भरल्यावर जवळजवळ सगळा अडतो. म्हणून खांबाचा चौथा हिस्सा तरी जमिनीत हवा. सहा फूट उंचीसाठी आठ फुटांचा खांब घ्या, दोन फूट पुरा आणि भोवती काँक्रीट भरा. खांबांमधलं अंतर आठ फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. कच्चा बांबू जमिनीत फार टिकत नाही. वेल ऐन भरात असते तेव्हा तो बुडाशी कुजतो, आणि भरलेल्या वेलीखालची जाळी बदलणं हे बागेतल्या सर्वांत कष्टाच्या कामांपैकी एक आहे. लोखंडी चौकट आणि तीवर २.५ ते ३ मिलिमीटरची जस्ताचा मुलामा दिलेली तार, हे सर्वांत बिनघोर. तार सैल पडते, म्हणून एका टोकाला ताण देणारा स्क्रू बसवून घ्या.

जाळी भिंतीला लागून असेल तर मध्ये निदान ५ ते १० सेंटीमीटर फट ठेवा. फट नसेल तर हवा खेळत नाही, भिंत ओली राहते आणि पिठ्या ढेकणांना, म्हणजे पानाखोडांवरच्या पांढऱ्या पिठासारख्या किडीला, बिनधोक जागा मिळते.

कोणती वेल?

आडोशासाठी मी पाच गोष्टी बघतो: पान बारमाही आहे का, खालपासून दाट राहते का, पूर्ण वाढ जाळीच्या मापाच्या फार पुढे जात नाही ना, मुळांतून किंवा कंदांतून भलतीकडे फुटत नाही ना, आणि रोगकिडीला चटकन बळी पडत नाही ना. पाचही बाबतींत उतरणाऱ्या वेली थोड्या आहेत.

उष्ण, हिम न पडणाऱ्या हवेसाठी माझी पहिली पसंती लसूणवेलीला. मूळची दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, एरवी जाणवत नाही. पानं जाड, चकचकीत आणि बारमाही. वाढ मध्यम, बुडापासून फुटवे भरपूर, त्यामुळे ती खाली उघडी पडत नाही. जांभळे झुपके येतात, जुने होताना फिके होत पांढरट दिसतात, आणि एकाच झुपक्यात तीन छटा असतात. ऊन चार तास मिळालं तरी पान चांगलं राहतं. एकच अट: धीर धरा. पहिलं वर्ष ती जवळजवळ जागची हलत नाही.

थंड किंवा समशीतोष्ण हवेत हीच जागा स्टार जॅस्मिन घेते. उणे १० अंशांच्या आसपासची थंडीही ती सोसते, पान बारमाही, फूल पांढरं आणि सुवासिक. तीही पहिली दोन-तीन वर्षं संथ असते. कापली की पांढरा चीक येतो, हातमोजे घाला. फार कडक उन्हाच्या जागी तिला दुपारची सावली द्या.

पडदावेल, म्हणजे कर्टन क्रीपर, ही वेगळ्या चालीची आहे. ती चढत नाही, लोंबते. दोन-चार मुख्य फांद्या बांधून जाळीच्या माथ्यावर न्यायच्या, तिथून ती स्वतः पडद्यासारखी खाली सुटते. आणि म्हणूनच इतर वेलींचा जो मोठा दोष, वर घोळका आणि खाली उघडं, तो हिच्यात उरत नाही. फुलं बारीक, नजरेत न भरणारी. पाणी कमी चालतं, कीड क्वचित. छाटणी म्हणजे पडद्याची खालची कड सरळ कापणं, एवढंच. फुलांचा हट्ट नसेल तर उन्हातल्या जागेसाठी हिच्याइतकी निवांत वेल मला दुसरी माहीत नाही.

संक्रांतवेल कडक उन्हाची. मूळ ब्राझीलचं, फुलते हिवाळ्यात, आणि फुलली की जाळी केशरी होऊन जाते. पान बारमाही. पण जोर मोठा आहे, फुलं संपली की दरवर्षी चांगली छाटणी लागतेच. आठ फुटांपेक्षा लांब जाळी असेल तरच हिचा विचार करा.

मधुमालतीबद्दल मन दोन्हीकडे ओढतं. संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतं, वास अप्रतिम. पण ती आठ-दहा मीटर वाढू शकते, मुळांतून दूरवर फुटवे काढते, जुन्या देठांचे काट्यांसारखे आकडे अंगावर ठेवते, आणि कोरड्या थंडीत पानं गाळते. नेमक्या त्याच महिन्यांत जाळी आरपार दिसते. मोठं फाटक किंवा मांडव असेल तर जरूर लावा. सहा फुटी ट्रेलिसवर नको.

बोगनवेल कोरड्या, रखरखीत जागी तग धरते आणि कुंपण म्हणून तिच्या काट्यांचा उपयोगच होतो. बसायच्या जागेला लागून मात्र टाळा, मुलं असतील तर नक्कीच. अलमांडाचा चीक विषारी आहे, मनी प्लांटची पानं मांजर-कुत्र्यांनी चावली तर तोंडाची आग होते, हेही लक्षात ठेवा. जाई-जुई सुगंधासाठी आहेत, त्यांचं पान आडोशाला विरळ पडतं. गुळवेल पानं गाळते. थनबर्जिया आणि अँटिगोनॉन दोन्ही कंदांतून पुन्हापुन्हा फुटतात. जपानी हनीसकल उत्तर अमेरिकेत आणि निळी थनबर्जिया ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये उपद्रवी तण ठरल्या आहेत. आपल्या भागात कोणती वेल रानात पसरते आहे याची चौकशी करून मगच रोप आणा.

तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर फुलाचा विचार सोडा. उबदार हवेत मनी प्लांट जाळीला बांधून वाढवता येतो. थंड हवेत मागे भिंत असेल तर आयव्ही.

लावणी

एका जाळीवर एकाच जातीची वेल लावा. दोन जाती एकत्र केल्या की जोरकस वेल दुसरीला दोन वर्षांत झाकून टाकते. मध्यम वाढीच्या दोन रोपांत चार ते पाच फूट अंतर ठेवा, जोरकस वेलींत सात-आठ फूट. जवळजवळ लावली तर जाळी लवकर भरते हे खरं, पण पुढे दाटीमुळे आतलं पान झडतं.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. भिंतीच्या पायथ्याशी अगदी चिकटून नको, तिथे पाऊस पोचत नाही आणि माती बांधकामाच्या चुन्या-सिमेंटने बिघडलेली असते. एक ते दीड फूट पुढे या आणि रोप जाळीकडे झुकतं लावा. खणलेल्या मातीत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. पाणी साचणारी जमीन असेल तर रोप आजूबाजूच्या मातीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर बसवा. भोवती आळं करा आणि पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच जाड आच्छादन घाला, पण ते खोडाला चिकटू देऊ नका.

नर्सरीत सर्वांत उंच रोप उचलू नका. बुडाशी तीन-चार फांद्या असलेलं दोन फुटी रोप एका काडीवर सहा फूट चढवलेल्या रोपापेक्षा लवकर जाळी भरतं. कुंडीत लावायचं असेल तर कुंडी दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल तरी हवी. कुंडीतली वेल कधीच पूर्णपणे कमी देखभालीची नसते, पाण्यासाठी ती आपल्यावरच अवलंबून असते. ठिबक बसवता येत असेल तर बसवाच.

पहिलं वर्ष: वर नको, आडवं

सगळी मेहनत इथे करायची. प्रत्येक वेलीचा शेंडा वर धावतो आणि तो धावत असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे पेरांवरचे न फुटलेले कोंब, झोपून राहतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला, किंवा फांदी आडवी बांधली, की दाब कमी होतो आणि पेरापेरावरचे डोळे फुटतात. बघायचं असेल तर एक फांदी उभी सोडा, एक आडवी बांधा. दोन-तीन आठवड्यांनी आडव्या फांदीवर ओळीने उभे कोंब दिसतील. उभ्या फांदीवर टोकालाच काय ती वाढ असेल.

म्हणून रोप रुजून नवी पालवी आली की मुख्य शेंडा फूटभर उंचीवर खुडा. येणाऱ्या फुटव्यांतले तीन ते पाच जोमदार ठेवा आणि पंख्याच्या काड्यांसारखे जाळीवर पसरा. कडेचे दोन अगदी खाली, जवळजवळ जमिनीला समांतर. तेच पुढे जाळीचा खालचा भाग झाकतात. हे काम पहिल्या वर्षी राहिलं तर नंतर भरून काढणं अवघड जातं, कारण जुन्या लाकडावर फुटवे कमी येतात. पडदावेल तेवढी याला अपवाद, तिला आधी माथ्यावर जाऊ द्या.

बांधायला मऊ सुती पट्टी वापरा आणि गाठ आठाच्या आकड्यासारखी घाला: एक वेढा तारेला, एक फांदीला, मध्ये फुली. फांदी तारेवर घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते. उघडी तार बांधलीत तर वर्षा-दोन वर्षांत ती सालीत रुतते. फांद्या चौकटीतून आतबाहेर ओवूही नका. कोवळ्या असताना छान दिसतं, पण खोड मनगटाएवढं झालं की ते लाकडी पट्ट्या उचकटून काढतं.

पाणी पहिल्या वर्षी खोल आणि अंतराने. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तर आळं भरून द्या. रोज शिंतोडे मारले तर मुळं वरच राहतात आणि पुढे कायम पाणी मागतात. युरियासारखी नुसत्या नत्राची खतं टाळा. त्याने पालवी मऊ येते, मावा धावून येतो, आणि आपणच वाढवलेली फांदी आपल्यालाच कापावी लागते. वर्षातून एकदा, पावसाआधी, दोन घमेली कंपोस्ट पुरे.

वेल संथ असेल आणि आडोसा लगेच हवा असेल तर मधल्या जागेत गोकर्णाचं बी टाका. रात्रभर भिजवून पेरलं की काही आठवड्यांत ते जाळीवर चढतं. ते कडधान्यांसारखं शेंगा धरणाऱ्या कुळातलं असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठींत नत्र साठतो. मुख्य वेल पोचली की गोकर्ण बुडाशी कापा, मुळं मातीतच राहू द्या.

पुढे वर्षातून एकदा

छाटणीची वेळ साधी: फुलं संपली की लगेच. जाळीबाहेर आलेलं सगळं कापा, मेलेल्या काड्या काढा आणि वरचा घोळका हलका करा, म्हणजे उजेड खालपर्यंत पोचतो. चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवेळी सर्वांत जुनी एक-दोन खोडं बुडाशी कापत चला. बुडातून आलेला नवा फुटवा त्यांच्या जागी बांधा.

पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारा. भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली असेल तर औषधाआधी कात्री घ्या, कारण ती बहुतेक वेळा हवा न खेळल्यानेच येते.

आणि आधीच कुणीतरी लावलेली, वर झुडूप आणि खाली नुसती लाकडं झालेली वेल वाट्याला आली असेल तर ती उपटायची घाई करू नका. एका वर्षी एक तृतीयांश खोडं जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, त्यापुढच्या वर्षी उरलेली. आडोसा एकदम जात नाही. बुडातून येणारा प्रत्येक नवा कोंब वर जायच्या आत आडवा बांधून टाका.